आईच्या रिपोर्टमध्ये 'पेरिन्यूरल इन्व्हेजन' आलंय, म्हणजे कॅन्सर नसेतून मेंदूत जाणार का?

शिवारातली

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आई ५८ वर्षांची आहे, गाव बार्शीकडचं. आयुष्यभर मिश्री लावली, तव्यावर तंबाखू भाजायची, वाटायची, डबी चुलीमागच्या कोनाड्यात, सकाळी उठलं की आधी मिश्री मग चहा. गेल्या दिवाळीच्या सुमारास म्हणायला लागली की खालच्या ओठावर उजवीकडं मुंगी फिरतेय. जेवता जेवता हाताची पाठ फिरवून झटकायची, रात्री झोपेतसुद्धा झटकायची, आणि बघावं तर तिथं काही नसायचं. आम्ही कुणीच मनावर घेतलं नाही, आता ते आठवलं की झोप लागत नाही.

पुढं दाढ दुखायला लागली म्हणून तालुक्याला दाढ काढली, ती जखम भरलीच नाही, दोन महिने तसेच गेले, मग कुठं बायोप्सी झाली आणि कळलं. आता मुंबईत ऑपरेशन होऊन १९ दिवस झालेत. खालची हिरडी आणि गाल यांच्या मधल्या खोबणीत गाठ होती, ती काढली, जबड्याच्या हाडाची वरची कड काढली, मानेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या. रिपोर्टमध्ये गाठ २.६ सेंटिमीटर, खोली ८ मिलिमीटर, कडा साफ, हाडात नाही, मानेतल्या ३२ गाठींपैकी एकीतही नाही, लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन ॲबसेंट, आणि मग शेवटी 'पेरिन्यूरल इन्व्हेजन प्रेझेंट'. आम्ही पेढे आणायच्या तयारीत होतो आणि डॉक्टर म्हणाले की नसेपर्यंत गेलाय, रेडिएशनचा विचार करावा लागेल, बोर्डात (डॉक्टरांच्या बैठकीत) ठरवू. ओपीडीत एवढी गर्दी की जास्त विचारताच आलं नाही.

भाऊ तेव्हापासून एकच म्हणतोय, नसेत गेला म्हणजे रक्तात गेला, रक्तात गेला म्हणजे संपलं, आता तिला अजून भाजून काढू नका, गावी नेऊ आणि झाडपाल्याचं सुरू करू. शेजारचे म्हणतात बायोप्सीला तुकडा काढला म्हणूनच पसरला. माझे प्रश्न एवढेच, हे नेमकं काय असतं, नसेवरून चढत चढत मेंदूत जातं का, आणि कडा साफ, गाठी साफ तरी रेडिएशन कशाला? कुणाला माहिती असेल तर कृपा करून सांगा.

काचपट्टी

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, हे रिपोर्ट लिहिणं हेच माझं रोजचं काम, म्हणून आधी एक शब्द साफ करते कारण तुमच्या घरातला सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे. मराठीत आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. 'नस आखडली', 'नस दबली' म्हणतो ती मज्जातंतूची, आणि 'इंजेक्शनला नस सापडेना' म्हणतो ती रक्ताची. तुमच्या डॉक्टरांनी पहिली नस सांगितली, भावानं दुसरी ऐकली. पेरिन्यूरलमधलं न्यूरल म्हणजे मज्जातंतू. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांची (लिम्फच्या नळ्यांची) ओळ वेगळी असते, लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन, आणि ती तुमच्याकडं ॲबसेंट आहे, तुम्हीच लिहिलंय. तेव्हा रक्तात गेला असं हा रिपोर्ट म्हणत नाही. हे भावाला आजच्या आज सांगा.

आता आम्हाला काचेवर, म्हणजे मायक्रोस्कोपखालच्या स्लाइडवर, काय दिसतं ते सांगते. सुतळीचा तोडा आडवा कापून टोकाकडून बघितला तर जसा दिसेल तसा मज्जातंतू दिसतो, फिकट गुलाबी गोल, आत लाटालाटांचे बारीक धागे, आणि भोवती आवरणं. आवरणं तीन असतात, बाहेरचं एपिन्यूरियम, मधलं पेरिन्यूरियम आणि अगदी आत धाग्यांना धरून एंडोन्यूरियम. कॅन्सरच्या पेशी गडद जांभळ्या दिसतात. त्या यापैकी कुठल्याही आवरणात शिरलेल्या असतील, किंवा मज्जातंतूला बाहेरून बिलगून त्याच्या घेराचा निदान एक तृतीयांश भाग त्यांनी वेढला असेल, तर आम्ही 'प्रेझेंट' लिहितो. ही व्याख्या २००९ साली मांडली गेली आणि आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. नुसती जवळ दिसली म्हणून कुणी लिहीत नाही. कधी अर्धचंद्रासारखं कडं असतं, कधी पूर्ण अंगठी, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांनंतरही अशी अंगठी दिसली की मी भिंगावर तिथंच थांबते.

मेंदूत जातं का, याचं उत्तर दोन भागांत आहे. काचेवर मायक्रोस्कोपनंच दिसेल एवढं ते पेरिन्यूरल इन्व्हेजन. तेच जर पुढं मोठ्या मज्जातंतूवरून सरकत गेलं आणि एमआरआयवर दिसायला लागलं तर त्याला पेरिन्यूरल स्प्रेड म्हणतात, त्यात मज्जातंतू जाड दिसतो, कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर उजळतो, कवटीतलं ज्या भोकातून तो आत जातो ते भोक रुंदावलेलं दिसतं. चेहऱ्याची संवेदना नेणारा ट्रायजेमिनल मज्जातंतू कवटीच्या तळातून आत जातो, त्यामुळं तो रस्ता आहे हे खरंय, पण काचेवर 'प्रेझेंट' आलं म्हणजे तो रस्ता चालून झाला असं अजिबात नाही. आणि ही वाढ सलग सरकत जाणारी असते, रक्तातून उडी मारून मेंदूत बसणं ही वेगळी गोष्ट.

आईच्या ओठावरची मुंगी मात्र मी हलक्यात घेणार नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून एक मज्जातंतू येतो आणि हनुवटीजवळच्या भोकातून बाहेर पडून खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देतो. त्याला त्रास झाला की बधिरपणा, मुंग्या, चटका, काहीतरी सरपटतंय असं वाटणं, हे सगळं होतं. ऑपरेशनआधी हे होतं हे डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर तोंडी नको, कागदावर लिहून द्या, किती महिने, कुठं, आणि एमआरआय लागेल का ते विचारा. ऑपरेशननंतर ओठ बधीर झालाय तो वेगळा, तो कापण्यामुळंही असतो.

रेडिएशन कशाला, तर कडा साफ म्हणजे जिथं कापलं तिथं काचेवर पेशी दिसल्या नाहीत. पण मज्जातंतूवरून गेलेली वाट सुतासारखी बारीक असते, कधी मधेच तुटक दिसते, म्हणून त्याच जागी कॅन्सर परत येण्याचा धोका वाढतो. इथं मी प्रामाणिकपणे सांगते की बाकी सगळं चांगलं आणि फक्त ही एकच गोष्ट वाईट, अशा केसमध्ये डॉक्टरांची मतं थोडी वेगवेगळी पडतात, म्हणूनच ते बोर्डात ठेवतात. बोर्डाला तीन गोष्टी कळल्या की निर्णय सोपा होतो: किती ठिकाणी दिसलं, मज्जातंतू बारीक होता की जाड, आणि गाठीच्या आत होता की बाहेर. हे रिपोर्टमध्ये नसेल तर मागा. स्लाइड्स आणि ब्लॉक म्हणजे ते मेणाचे ठोकळे, ते तुमच्या आईचे आहेत, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला मागून घेता येतात, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही.

आणि तुकडा काढल्यानं पसरला हे शेजाऱ्यांचं मनातून काढून टाका. मज्जातंतूकडं ती गाठ बायोप्सीच्या आधी गेलेली होती, मुंगी दिवाळीची आहे आणि बायोप्सी नंतरची. उद्या कुणी असंही विचारेल की गाठी साफ होत्या तर मान उगाच कापली का, तर त्याचंही उत्तर आपल्याच परळचं आहे. २०१५ साली टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मोठा अभ्यास छापला, मानेत काहीच लागत नसताना गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जगात होते, आणि गाठ आल्यावर बघू म्हटलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के.

पेशीवाला

काचपट्टी मॅडमनी सगळं सांगितलंच, मी डॉक्टर नाही, पुण्यात बायोलॉजी शिकवतो, पण या विषयानं मला कॉलेजपासून धरून ठेवलंय म्हणून 'कसं जातं' त्यावर थोडं लिहितो. शिवारातली ताई, तुम्हाला आत्ता याचा उपयोग नसेल तर सोडून द्या.

आधी लोकांना वाटायचं की मज्जातंतूच्या आवरणात लसिकावाहिन्या असतात आणि कॅन्सर त्यातून वाहत जातो. १९६० च्या दशकात नीट तपासलं तर आत लसिकावाहिन्या नव्हत्याच. मग म्हणायला लागले की ही मऊ वाट आहे, पाणी जसं उताराकडं जातं तसा कॅन्सर तिकडं घुसतो. पण पेरिन्यूरियम हे तर चांगलं घट्ट आवरण आहे, मऊ कसलं. खरी गंमत २००१ मध्ये ह्यूस्टनच्या गुस्ताव्हो आयाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात कळली. त्यांनी उंदराच्या कण्याजवळचा मज्जातंतूंच्या पेशींचा पुंजका (गँग्लियन) आणि माणसाच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी एका जेलमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या आणि बघत बसले. तर आधी कोण हललं? मज्जातंतू. त्याचे धागे कॅन्सरच्या दिशेनं वाढत गेले, जाऊन भिडले, आणि मग कॅन्सरच्या पेशी त्याच धाग्यांवरून उलट्या दिशेनं चढत आल्या. म्हणजे कॅन्सर एकटा घुसखोरी करत नाही, दोघंही एकमेकांना बोलावतात.

हे बोलावणं रसायनांचं असतं. त्यातलं एक प्रसिद्ध म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, आणि त्याचा शोधच मुळात ट्यूमरमुळं लागलाय. १९५० च्या आसपास रीटा लेव्ही-मोंतालचिनी उंदराचा ट्यूमर कोंबडीच्या गर्भावर लावून बघत होत्या, तर गर्भाचे मज्जातंतू धावत त्या ट्यूमरमध्ये शिरले. असं काय आहे यात जे मज्जातंतूला ओढून घेतं, या एका प्रश्नामागं लागून ते सापडलं आणि १९८६ चं नोबेल त्यांना स्टॅनली कोहेनबरोबर मिळालं.

अजून एक, आणि मला सगळ्यात हळहळायला लावणारं. मज्जातंतूभोवती श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव) असतात. आपल्याला जखम होऊन मज्जातंतू तुटला की याच पेशी दुरुस्तीच्या कामाला लागतात, कचरा साफ करतात, रांग धरून वाट तयार करतात आणि तुटलेला धागा त्या वाटेनं दिवसाला साधारण एक मिलिमीटर परत वाढत जातो. हाताला खोल जखम झालेल्या माणसाच्या बोटाला महिन्यांनी परत स्पर्श कळतो तो त्यांच्यामुळं. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की याच श्वान पेशी कॅन्सरच्या पेशींना भिडतात, त्यांना घोळक्यातून सुटं करतात आणि आपल्यामागून घेऊन जातात. बरं करण्यासाठी शरीरानं जी वाट ठेवली त्याच वाटेवरून हे चालतं.

हे थांबवायची वेगळी गोळी आज नाहीये. उंदरांवर चांगले प्रयोग आहेत, २०१३ मध्ये प्रोस्टेटच्या मज्जातंतूंचं काम बंद पाडल्यावर ट्यूमरची वाढ मंदावलेली दिसली होती, पण आज पेशंटच्या हातात ऑपरेशन आणि रेडिएशन हीच साधनं आहेत. कुणी 'नसेचा कॅन्सर सोडवणारं' औषध विकत असेल तर पैसे देऊ नका.

कृष्णाकाठ

ताई, तुमची मुंगी वाचली आणि अंगावर काटा आला, कारण आमच्या दादाचंही असंच सुरू झालं होतं. त्याला डाव्या कानाच्या पुढं आतून सुया टोचल्यासारखं व्हायचं, मग हळूहळू डावा डोळा नीट मिटेना, चूळ भरताना पाणी ओघळायचं. आम्ही लकवा समजलो. एका ठिकाणी लकवा म्हणूनच गोळ्या दिल्या, मालिश झालं, शेक झाला, करंट दिला, सात महिने गेले. शेवटी एका डॉक्टरबाईंनी बोटांनी कानाखाली चाचपलं आणि आमच्याकडं बघून विचारलं, तोंड एका रात्रीत वाकडं झालं की महिन्या-दोन महिन्यांत? आम्ही म्हटलं हळूहळू. त्यांनी लगेच एमआरआय लिहून दिला. नेहमीचा चेहऱ्याचा लकवा एक-दोन दिवसांत येतो आणि बहुतेकांचा सुधारतो, हा हळूहळू वाढत गेला होता आणि हलायलाच तयार नव्हता, हा फरक आम्हाला सात महिने कुणी सांगितला नाही म्हणून इथं मोठ्यानं लिहितोय, वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

दादाला लाळेच्या ग्रंथीचा ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा निघाला. हा हळू वाढतो पण मज्जातंतूवरून जाण्यात एकदम बदनाम. ऑपरेशन चालू असतानाच मज्जातंतूचं कापलेलं टोक तपासायला पाठवत होते, टोकात पेशी दिसल्या की अजून थोडा पुढं कापायचे, आम्ही बाहेर बाकावर, आत आठ तास. मग रेडिएशन, आणि ते नुसतं गाठीच्या जागेवर नाही, तो मज्जातंतू कवटीतून जिथून बाहेर येतो तिथपर्यंत. आता सहा वर्षं झाली. या आजारात बऱ्याच वर्षांनीसुद्धा फुप्फुसात निघू शकतं म्हणून दर वर्षी स्कॅन असतो आणि त्या आठवड्यात घरात कुणी नीट जेवत नाही. पण दादा रोज सकाळी मळ्यात जातो. डावा डोळा मिटत नाही म्हणून रात्री मलम घालून पट्टी लावतो, ती पट्टी आता माझी पुतणी लावते.

भावाला म्हणावं, घाबरला म्हणून तो गावी न्यायचं बोलतोय, मीही बोललो होतो. पण हे दिवस परत मिळत नाहीत.

चाफा

थोडं बाजूला जातेय पण सांगते. सासऱ्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, पाठीत असं दुखायचं की पुढं वाकून उशी पोटाशी धरून बसून रात्र काढायचे. डॉक्टरांनी तेव्हाच समजावलं होतं की या कॅन्सरमध्ये मज्जातंतूत शिरणं जवळजवळ प्रत्येकात सापडतं, पोटामागं मज्जातंतूंचं जाळं असतं ते दुखतंय. त्या जाळ्याजवळ इंजेक्शन देऊन ब्लॉक केला आणि कितीतरी दिवसांनी ते आडवे झोपले. नसेचं दुखणं साध्या पेनकिलरनं जात नाही, त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, तेव्हा आईंना चटके बसल्यासारखं दुखत असेल तर 'दुखतंय' एवढंच न सांगता कसं दुखतंय ते सांगा. सहन करत बसू देऊ नका, आपल्या बायका फार सहन करतात.

लिनॅक

रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे. निर्णय बोर्डाचा, पण ठरलं तर वेळ जाऊ नये म्हणून काय काय करून ठेवायचं ते सांगतो. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेलं चांगलं, तुमचे १९ दिवस गेलेत, म्हणजे झाडपाल्यासाठी महिनाभर गावी जाऊन येऊ असं करायला वेळच नाहीये. सर्वसाधारणपणे ३० सिटिंग, आठवड्याला पाच, सहा आठवडे, रोजचं काम १५-२० मिनिटांचं. भाजतात वगैरे काही नाही, मशीन अंगाला लागतसुद्धा नाही. त्रास होतो तो तिसऱ्या आठवड्यापासून, तोंड सोलतं, लाळ आटते, चव जाते, तिखट तर सोडाच, साधं वरणसुद्धा झोंबतं. काही जणांना नाकातून नळी घालावी लागते, ती घातली म्हणजे तब्येत हाताबाहेर गेली असं नसतं, पोटात अन्न जावं म्हणून घालतात.

दातांच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा, हे सगळ्यात आधी. किडलेला दात काढायचा तो रेडिएशनच्या आधी आणि जखम भरायला दहा-चौदा दिवस द्यायचे, नंतर त्या जबड्यातला दात काढला तर हाड भरून न येण्याचा धोका असतो. मीठ-सोड्याच्या पाण्यानं दिवसातून पाच-सहा वेळा चुळा. आणि तोंड उघडायचा व्यायाम आजपासून, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या धुऊन एकावर एक ठेवायच्या, दातांच्या मधे धरायच्या, जेवढ्या बसतात तेवढ्या मोजून लिहून ठेवायच्या आणि तो आकडा खाली येऊ द्यायचा नाही. मिश्री आता बंद, लपूनसुद्धा नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर समिती, दोन्हीकडं विचारा. मुंबई जमणारच नसेल तर बार्शीतच नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारून रेडिएशन तिथं करता येईल का ते बघा.

शिवारातली

सगळ्यांचे खूप खूप आभार, आठ दिवस लिहायला जमलं नाही. स्लाइड्स परत बघितल्या, दोन ठिकाणी आहे, मज्जातंतू बारीक आहे, गाठीच्या कडेशी पण आतच. मी मुंगीचं कागदावर लिहून दिलं, डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि एमआरआय केला, त्यात मोठ्या मज्जातंतूवर काही दिसलं नाही. बोर्डानं रेडिएशन सांगितलंय, ३० सिटिंग, केमो नाही. दोन दात काढले, जखम सुकली की सुरू.

भावाला काचपट्टी मॅडमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, रक्ताची नस आणि दुसरी नस. तो बराच वेळ गप्प बसला, मग मोबाइल मागितला आणि स्वतः परत वाचलं. काल तोच आरोग्यमित्राकडं रांगेत उभा होता. काड्या सध्या नऊ बसतात.

आईला मीच समजावून सांगितलं की गाठ तिथल्या बारीक नसेला चिकटली होती आणि त्यामुळं ओठावर तसं वाटायचं. ती म्हणाली, म्हणजे मुंगी खरीच होती की. मी हो म्हटलं. मग म्हणाली, मला वाटायचं मलाच भास होतोय म्हणून मी सांगायचं सोडून दिलं होतं.

गुरुवारी रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर लावतात त्या मास्कचं माप घ्यायला बोलावलंय. त्या दिवशी काय काय बरोबर घ्यायचं?

लिनॅक

आधीचे सगळे रिपोर्ट, सीडी, योजनेचे कागद. गळ्याशी मोकळा असा ब्लाउज घालून न्या. मास्क जाळीचा असतो, गरम पाण्यातून काढून चेहऱ्यावर ठेवतात, कोमट लागतो आणि पाच-दहा मिनिटांत घट्ट होतो, श्वास नीट घेता येतो हे त्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाहीत. मंगळसूत्र, कानातली घरीच काढून ठेवा, ऐनवेळी टेबलावर काढायला सांगितलं की बायकांना रडू येतं.